मॅनिफोल्डचं पॅकिंग पुन्हा पुन्हा का जातं? नट आवळण्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल हॅचबॅक, आठ वर्षं जुनी, ९० हजार किलोमीटर चाललेली. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक आवाज येतो आणि इंजिन तापलं की दोन-तीन मिनिटांत तो कमी होतो. तीन महिन्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सिलिंडरमधला जळालेला वायू गोळा करून खालच्या पाइपात सोडणाऱ्या ओतीव नळ्यांचं) पॅकिंग दोनदा बदललं. दुसऱ्या वेळी मेकॅनिकने पान्याला पाइप लावून नट घट्ट आवळले, तरी पंधरा दिवसांत आवाज परत आला. आता तुम्ही स्वतः टॉर्क पाना (लावलेल्या आकड्याला क्लिक करणारा पाना) घेतला आहे आणि किती न्यूटन-मीटरला आवळायचं, तो आकडा विचारताय.

आकडा आधी देतो. मॅनिफोल्डचे स्टड (इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट) ८ मिलिमीटरचे असतील, म्हणजे नटला १२ किंवा १३ ची गोटी लागत असेल, तर बहुतेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर. खालच्या फ्रंट पाइपच्या जोडाला १० मिलिमीटरचे नट-बोल्ट असतील तर साधारण ४० ते ५०. ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) १८ मिलिमीटर आट्यांचा असतो, त्यालाही ४० ते ५०. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल तर ते धरायचं, माझं नाही.

पण एवढा आकडा घेऊन तुम्ही गाडीखाली गेलात तर तिसरं पॅकिंगही जाईल, असं मला वाटतं. मी सत्तावीस वर्षं रत्नागिरीत गॅरेज चालवतोय. खाऱ्या हवेत गंजलेले सायलेन्सर आणि तुटलेले स्टड हे माझं जवळजवळ रोजचं काम. एकच पॅकिंग दोनदा गेलं की दोष पॅकिंगचा क्वचितच असतो.

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. ताणलेल्या रबरासारखा तो परत आखडायला बघतो आणि त्या आखडण्यानेच मॅनिफोल्ड हेडवर दाबून धरला जातो. पॅकिंगला हवा असतो तो हा दाब. टॉर्क पाना हा दाब मोजत नाही. नट फिरवायला हाताला किती जोर लागला, तेवढंच तो सांगतो. त्या जोरातला साधारण निम्मा नटाची खालची बाजू बैठकीवर घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला उरतो. म्हणजे घर्षण जरा इकडेतिकडे झालं की तो दहावा हिस्सा पार बदलून जातो.

हिशेब सोपा आहे. टॉर्कला घर्षण धरून ठरवलेला गुणांक आणि स्टडचा व्यास यांच्या गुणाकाराने भागलं की ताण मिळतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांना गुणांक ०.२ च्या आसपास धरतात. २५ न्यूटन-मीटर भागिले ०.२ गुणिले ०.००८ मीटर, म्हणजे सुमारे १५,६०० न्यूटन. आपल्या भाषेत दीड टनाहून थोडा जास्त ताण. आता तोच स्टड गंजलेला आहे, नट करकरत फिरतोय, गुणांक ०.३ झाला असं धरा. पाना त्याच २५ वर क्लिक करेल, पण ताण १०,४०० न्यूटन, एक टनाच्या आसपास. आणि कुणी आट्यांना भरपूर ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) फासलं, गुणांक ०.१४ वर आला, तर त्याच २५ ला ताण २२,३०० न्यूटन होतो. ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) ८ मिलिमीटर स्टडला कायमचा न लांबता सोसवणारा ताण सुमारे २१,२०० न्यूटन आहे. म्हणजे पुस्तकातला आकडा तंतोतंत पाळूनही तुम्ही स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ओढलात.

एकच क्लिक, आणि पॅकिंगवर एक टन, दीड टन किंवा सव्वादोन टन. म्हणून मी शिकाऊ पोरांना टॉर्क पाना हातात देण्याआधी वायर ब्रश देतो.

तुमच्या गाडीत काय झालं असावं, याचा माझा अंदाज सांगतो. पहिल्या वेळी गंजलेल्या आट्यांवरच नट आवळले गेले. हाताला घट्ट लागले, पण पॅकिंगवर दाब कमी पडला, म्हणून गळती. दुसऱ्या वेळी पाइप लावून आवळताना एक-दोन स्टड कायमचे लांबले. लांबलेला स्टड थंड असताना बरा वाटतो, पण चार वेळा तापून थंड झाला की त्याची पकड राहत नाही. आवाज थंड इंजिनातच येतो आणि तापल्यावर बंद होतो, हेही त्याच्याशी जुळतं, कारण धातू फुगला की फट तात्पुरती मिटते. ‘आपोआप बंद होतो ना, मग राहू दे’ म्हणून लोक महिनोन्‌महिने तसेच फिरतात आणि तोवर त्या फटीतून जाणारा गरम वायू हेडची बैठक खात राहतो.

उष्णतेचं गणित इथे समजून घ्याच, कारण आवळण्याचा क्रम त्यातूनच आला आहे. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड चढावर सहाशे अंशांपर्यंत सहज जातो. ॲल्युमिनियमचं हेड मात्र कूलंटमुळे शंभरच्या आसपास राहतं. ४०० मिलिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला की दोन मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. हेड तेवढ्याच लांबीत पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे मॅनिफोल्ड दर वेळी हेडवरून दीडेक मिलिमीटर सरकतो आणि थंड होताना परत येतो. म्हणूनच अनेक मॅनिफोल्डना टोकाकडची भोकं मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. मधले नट आधी आवळून मग दोन्ही टोकांकडे जायचं ते यासाठी. मधला भाग जागेवर राहतो आणि टोकं सरकतात. टोकं आधी आवळली तर मॅनिफोल्ड मध्ये कमानीसारखा उचलला जातो आणि नंतर मधले नट कितीही आवळा, तो सपाट बसत नाही.

गरजेपेक्षा जास्त आवळण्याचं नुकसानही यातच आहे. मॅनिफोल्डला सरकायला वावच ठेवला नाही तर तो कुठेतरी चिरतो किंवा टोकाचा स्टड कापून टाकतो. तुटलेले स्टड मी मोजलेले नाहीत, पण बहुतेक वेळा ते पहिल्या किंवा शेवटच्या सिलिंडरपाशीच सापडतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गाडी आली, टोकाचा एकच स्टड तीनदा तुटलेली. आधीच्या ठिकाणी प्रत्येक वेळी आणखी भारी ग्रेडचा बोल्ट घालून आणखी जोराने आवळला होता. आम्ही मॅनिफोल्ड सरफेस करून, म्हणजे घासून सपाट करून घेतला, टोकाच्या भोकातला गंज आणि कार्बन खरवडून काढला, साधे योग्य मापाचे स्टड घातले आणि २२ ला आवळले. ती गाडी अजून सर्व्हिसिंगला येते. तो जोड पुन्हा उघडावा लागलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी असेल तर उत्तम. खाली जाणार असाल तर जॅकवर विसंबू नका. सपाट जागेवर दोन स्टँड लावा. जांभ्याचे चिरे किंवा विटा गाडीखाली लावलेल्या बघितल्या की मला आजही धडकी भरते. डोळ्यांना चष्मा लावा. गंजाचे कण डोळ्यात गेले की ते सहज निघत नाहीत.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर आत शिरणारं गंजतेल मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा आणि अर्धा तास थांबा. नट काढताना सुरुवातीला उलट्या बाजूला नव्हे, आवळायच्याच बाजूला अगदी किंचित सरकवा. गंजाची पकड ‘टक्’ करून सुटते. मग पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल मारा, पुन्हा पाव फेरा. माझे उस्ताद म्हणायचे, गंजलेल्या नटाला वेळ द्यावा लागतो, जोर नाही. सहा टोकांची गोटी वापरा. बारा टोकांची गोटी झिजलेल्या नटाची टोकं आणखी गोल करते. आणि सोडायच्या कामाला टॉर्क पाना चुकूनही वापरू नका. जाम नटाच्या झटक्याने त्याचं माप बिघडतं.

कधी नटाऐवजी स्टडच फिरून बाहेर येतो. येऊ द्या, तसंही सगळे स्टड बदलायचेच आहेत. मध्येच तुटला आणि थोडा बाहेर उरला असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून तो फिरवता येतो. हेडच्या पातळीलाच तुटला असेल तर थांबा आणि ज्याच्याकडे सरळ ड्रिल मारायची सोय आहे अशा माणसाकडे न्या. ॲल्युमिनियम मऊ असतं. ड्रिल स्टडच्या पोलादावरून घसरून बाजूला गेलं की हेडच उतरवायची वेळ येते. गॅस कटरची ज्योत लावायचा मोह होतो, पण जवळ पेट्रोलच्या प्लॅस्टिक नळ्या आणि सेन्सरच्या वायरी असतात. घरच्या अंगणात ते काम नको.

जुने स्टड काढल्यावर हेडमधले आटे बघा. टॅप न फिरवता आटे साफ करायचं हत्यार मिळतं, ते वापरा. टॅप चांगल्या आट्यांचाही धातू खरवडतो. टॅपच वापरावा लागला तर हाताने, तेल लावून, अडकला की परत. भोक बंद तळाचं असेल तर आतलं तेल फुंकून काढा. तेल साठलेल्या भोकात स्टड आवळला की तेल दबून तळ फोडू शकतं. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या. एम-सील भरून आटे होत नाहीत, हे सांगावं लागतं कारण मी तेही पाहिलं आहे.

नवीन स्टड आणि नट घेताना दोन गोष्टी तपासा. ८ मिलिमीटरचे आटे बहुधा १.२५ चे (दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर) असतात, तिथे गोंधळ होत नाही. १० मिलिमीटरला मात्र जपानी घराण्याच्या गाड्यांत १.२५ चे आटे येतात आणि हार्डवेअरच्या दुकानात सरसकट मिळतो तो १.५ चा नट. तो दीड-दोन फेरे आत जातो आणि मग अडकतो. तिथे पान्याने जोर लावला की दोघांचेही आटे जातात. नट बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे. न फिरला तर माप चुकलंय किंवा आटे घाण आहेत.

दुसरी गोष्ट धातूची. एक्झॉस्टला तांब्याचा मुलामा असलेले, किंचित लंबगोल दाबलेले नट येतात. ते उष्णतेत सैल होत नाहीत आणि पुढच्या वेळी काढता येतात. नायलॉनच्या कड्याचा नायलॉक नट इथे निरुपयोगी आहे, त्यातलं नायलॉन पहिल्याच आठवड्यात वितळतं. साधा स्प्रिंग वॉशरही तापून मेलेला असतो. भारी म्हणून १०.९ किंवा १२.९ ग्रेडचा बोल्ट घालू नका. त्याची ताकद कारखान्यात दिलेल्या टेम्परमधून (तापवून-थंड करून आणलेल्या कडकपणातून) येते आणि एक्झॉस्टची उष्णता तो टेम्पर उतरवते. स्टेनलेसचा बोल्ट कोकणात सगळ्यांना आवडतो कारण तो गंजत नाही. पण स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांना चिकटून धरतात, मग तो नट कापूनच काढावा लागतो. शिवाय तो साध्या पोलादापेक्षा जास्त फुगतो, म्हणजे तापल्यावर पकड सैल होते. म्हणून मी कंपनीच्या मूळ पार्टचाच स्टड घालतो. पैसे थोडे जास्त जातात, पण काम पुन्हा करावं लागत नाही.

पॅकिंगची बैठक हेडवर आणि मॅनिफोल्डवर, दोन्हीकडे प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा. ॲल्युमिनियमवर पॉलिश पेपरची डिस्क फिरवू नका, त्याने खड्डे पडतात. मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) सरकवून बघा. ०.१० मिलिमीटरची पात सहज जात असेल तर मॅनिफोल्ड वाकला आहे आणि तो लेथवर किंवा ग्राइंडरवर सरफेस करून घ्यायला हवा. तुमच्या बाबतीत मला इथेच सगळ्यात जास्त शंका आहे. पाइप लावून आवळलेला मॅनिफोल्ड बहुतेकदा वाकलेला निघतो. वाकलेल्या मॅनिफोल्डवर दोन पॅकिंगं एकावर एक घालायचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, आणि लाल सिलिकॉनही भरू नका. चांगला सिलिकॉनसुद्धा तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि त्यातली वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते ते वेगळंच.

आटे कोरडे ठेवायचे की अँटी-सीझ लावायचं? मॅन्युअलमध्ये लावा असं लिहिलं असेल तर दिलेला आकडा ते धरूनच दिलेला असतो, त्यात बदल नको. काहीच लिहिलं नसेल तर आकडा कोरड्या स्वच्छ आट्यांचा समजा. मी आमच्या हवेत निकेलचं अँटी-सीझ अगदी पातळ लावतो आणि टॉर्क वीसेक टक्क्यांनी उतरवतो, म्हणजे २५ च्या जागी २०. काही स्टड-नट कारखान्यातूनच मुलामा देऊन येतात, त्यांच्यावर वरून काही लावू नका. नव्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांनाही लेप लावलेला असतो. सेन्सरच्या टोकाला तेलाचा हातसुद्धा लागता कामा नये.

आता टॉर्क पान्याविषयी. तुमचा पाना किती रेंजचा आहे ते लिहिलेलं नाही. २८ ते २१० चा मोठा पाना २० ला वापरता येत नाही आणि त्याच्या तळाशी तो भरवशाचा नसतो. ८ मिलिमीटरच्या कामाला ५ ते ५० किंवा १० ते ६० चा छोटा पाना घ्या. हाताच्या मुठीच्या मधोमध धरा, सावकाश ओढा आणि पहिला क्लिक आला की थांबा. खात्रीसाठी दुसरा-तिसरा क्लिक काढायची सवय पुष्कळांना असते. त्यात दर वेळी नट थोडा पुढे जातो. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग मरते. वर्षातून एकदा किंवा पाचेक हजार क्लिकनंतर तो तपासून घ्यायचा असतो.

एककं नीट बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, पान्यावर एका बाजूला फूट-पाउंड असतात. २५ न्यूटन-मीटर म्हणजे २.५५ किलोग्रॅम-मीटर किंवा १८ फूट-पाउंड. पान्यावर घाईत २५ फूट-पाउंड लावले तर ते ३४ न्यूटन-मीटर होतात आणि ८ मिलिमीटरचा स्टड तिथे संपतो.

मॅनिफोल्डचा एखादा नट हीट शील्डमागे (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यामागे) असतो, तिथे गोटी शिरत नाही. मग पंज्यासारखा फिक्स पाना टॉर्क पान्याच्या पुढे जोडावा लागतो. तो सरळ रेषेत पुढे लावला तर पान्याची लांबी वाढते आणि टॉर्कही वाढतो. उदाहरणार्थ, मुठीपासून गोटी बसायच्या चौकोनापर्यंत ४०० मिलिमीटर आणि जोड ५० मिलिमीटर असेल, तर ४५ हवे असताना पान्यावर ४० लावायचे. जोड काटकोनात लावला तर बदल करायची गरज नसते, मी तसाच लावतो.

टॉर्क पाना नसलेल्यांसाठी एक युक्ती. सामान मोजायचा लटकता ताणकाटा घरात असतो. पान्यावर नटाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर तो अडकवा आणि पान्याला काटकोनात, एका संथ ओढीत १२.७ किलो भरेपर्यंत ओढा, म्हणजे २५ न्यूटन-मीटर झाले. २० हवे असतील तर १०.२ किलो. दोन-चार वेळा असं केलं की मनगटाला अंदाज येतो, आणि लक्षात येतं की ८ मिलिमीटरचा नट लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप हलक्या हाताने आवळायचा असतो.

आवळताना सगळे नट आधी बोटांनी टेकवा. मग मधल्यापासून सुरू करून आलटून-पालटून बाहेर जात १२ पर्यंत, त्याच क्रमाने दुसऱ्या फेरीत पूर्ण आकड्यापर्यंत, आणि तिसऱ्या फेरीत त्याच आकड्यावर एकदा तपासणी. तिसऱ्या फेरीत मधला नट बहुधा पुन्हा थोडा फिरतो, कारण बाजूचे आवळताना पॅकिंग दबलेलं असतं. एखादा नट आवळत जाऊनही जड होत नसेल तर तिथेच थांबा. तो स्टड लांबतोय किंवा हेडचे आटे सुटतायत.

खालच्या जोडाविषयी थोडं वेगळं सांगायला हवं. आडवं इंजिन असलेल्या गाड्यांत मॅनिफोल्ड आणि फ्रंट पाइप यांच्यामध्ये किंवा थोडं पुढे गोल डोनटसारखं ग्रॅफाइटचं पॅकिंग आणि स्प्रिंग लावलेले दोन बोल्ट असतात. गिअर टाकल्यावर इंजिन पुढे-मागे झुलतं आणि तो जोड त्याबरोबर थोडा वळतो. या बोल्टला खांदा असतो. तो टेकला की बोल्ट दिलेल्या टॉर्कला घ्यायचा. पॅकिंगवरचा दाब स्प्रिंगच देते, तुमचा हात नाही. स्प्रिंग गंजून तुटली म्हणून तिथे साधा बोल्ट घालून आवळून टाकलेल्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. मग इंजिनाचं झुलणं सोसायला जोडच उरत नाही आणि पाइप वेल्डिंगपाशी फुटतो किंवा सगळा हिसका मॅनिफोल्डच्या स्टडवर येतो. तुमच्या गाडीत हा जोड कसा आहे ते जरूर बघा. वरचे स्टड वारंवार सैल होण्याचं मूळ खालीही असू शकतं. इंजिनाचं माउंटिंग (ज्यावर इंजिन टेकतं ते रबर) दबून गेलेलं असलं तरी हेच होतं.

पाइप आणि मागचा सायलेन्सर बसवताना आधी सगळे जोड सैल ठेवून पाइप रबरांवर लटकवा, तो कुठे चेसिसला घासत नाही ना ते बघा, मग इंजिनाकडून मागे आवळत जा. दोन बोल्टच्या जोडात दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आळीपाळीने आवळा.

गळती शोधायला फार काही लागत नाही. थंड इंजिन सुरू करून मदतनिसाला मागच्या नळीवर जाड ओलं फडकं काही सेकंद धरायला सांगा आणि जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. फेस उठेल तिथे गळती. जुनी गळती काळ्या काजळीच्या रेघेवरून दिसतेच. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कोकणात पावसाळ्यात काचा बंद, एसीची हवा आतल्या आत फिरती, अशा गाडीतून घाट चढताना मागच्या सीटवरच्या सगळ्यांचं डोकं दुखतं आणि लोक ते गाडी लागली म्हणून सोडून देतात. एका कुटुंबाची अशी गाडी मी तपासली होती. मागच्या पाइपाचा जोड फुटला होता आणि डिकीच्या तळाचं रबरी बूच निघालेलं होतं. तेव्हापासून डोकेदुखीची तक्रार ऐकली की मी आधी गाडी वर घेतो. तुमची गळती बॉनेटखाली आहे, आणि ताजी हवा आत घेणाऱ्या जाळ्या तिथून फार लांब नसतात.

गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असल्याने दुसराही तोटा आहे. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज कमी झालं असेल तर ते याच्यामुळे असू शकतं. कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला) ते जास्तीचं पेट्रोल तापवत राहतं, आणि बीएस-६ गाड्यांचा कन्व्हर्टर बदलणं किती महाग पडतं ते ज्यांनी बिल भरलं आहे त्यांना विचारा.

गंजाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ निघून जाते. रोज दोन किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीत ते सायलेन्सरमध्येच साठतं आणि आतून पत्रा खातं. अनेक सायलेन्सरना तळाशी एक बारीक भोक असतं ते यासाठी. भोक पडलं समजून ते वेल्डिंगने बुजवू नका. गाडी जवळच फिरणारी असेल तर आठवड्यातून एकदा तिला पंधरा-वीस किलोमीटर मोकळं चालवून आणा.

तर तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा: सगळे स्टड आणि नट नवे, मॅनिफोल्ड पट्टीखाली तपासून गरज असेल तर सरफेस, खालचा स्प्रिंगचा जोड आणि माउंटिंग यांची पाहणी, मग एकच नवं पॅकिंग आणि मॅन्युअलच्या आकड्याला मधून बाहेर आवळणी. शेवटच्या क्लिकनंतर प्रत्येक नटावरून स्टडवर आणि बाजूच्या मॅनिफोल्डवर पांढऱ्या उष्णतारोधक मार्करने एक सलग रेघ ओढा. तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि एका सकाळी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून रेघा बघा. सगळ्या सलग असतील तर पान्याला हात लावू नका. मॅन्युअलमध्ये पुन्हा टॉर्क द्यायला सांगितलं असेल तरच द्या, आणि तोही थंड इंजिनावर. एखादी रेघ तुटलेली दिसली तर तो नट तसाच आवळून मोकळे होऊ नका. तो काढा, स्टड नव्या स्टडच्या शेजारी धरून लांबी आणि आटे ताडून बघा, आणि काय दिसतं ते मला कळवा.